टेकडीआडचे बघे

१

हस्तलिखित तपासण्याचा एक क्रम असतो आणि तो मोडू नये, असे माझे मत आहे. आधी पेटीवरची लाखेची मोहोर, मग पेटी, मग बांधणी, मग पाने. पानांतही आधी कागद, मग शाई, मग सोने, मग रंग. चित्र ‘पाहणे’ या क्रमात येत नाही. ज्याला चित्र पाहायचे असेल त्याने तिकीट काढून दालनात जावे. तपासणाऱ्याने मोजावे आणि लिहावे. तेहरानच्या ग्रंथालयात तेवीस वर्षे मी हेच करत आले आहे.

आबान या शरद ऋतूतल्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी करम आगांनी ती पेटी माझ्या टेबलावर आणून ठेवली. करम आगा तळघरातल्या कोठाराचे राखणदार. प्रत्येक पेटीबरोबर ते एक शेरा आणतात.

“ताबंदे खानुम, हा तुमचा राजपुत्र माझ्या सासूबाईंपेक्षा जड आहे.”

“राजपुत्र नाही, आगा. राजपुत्राचं पुस्तक.”

“सासूबाईही दहा वर्षांतून एकदाच तोंड दाखवतात,” ते म्हणाले आणि दाराबाहेरच्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

पाचशे वर्षांपूर्वी तब्रीझच्या शाही चित्रशाळेत एका राजपुत्रासाठी हे पुस्तक तयार झाले. दोनशे अठरा पाने, सतरा चित्रे. उजेडाने रंग उडू नयेत म्हणून ते दहा वर्षांतून एकदाच उघडतात आणि त्याचा स्थिती-अहवाल लिहितात. मोहोर शाबूत होती. मी हातमोजे न घालता, धुतलेल्या कोरड्या हातांनी पाने उलटत गेले. जुन्या कागदाला बोटांची संवेदना लागते, कापडाची नाही.

एकशे त्रेचाळिसाव्या पानावर मी थांबले. त्या पानावर मला थांबावे लागणार, हे मला दहा वर्षांपासून माहीत होते.

वर सोन्याचे आकाश. खाली जांभळट गुलाबी टेकडी, कडेला एक चिनार, आणि एकेकाळी चांदीचा असलेला, आता काळा पडलेला झरा. या सगळ्याच्या मधोमध तळहाताएवढी जागा कोरी. तिथे रंग नाही, रेघ नाही. टेकडीच्या कड्याआडून काही माणसे वाकून त्या कोऱ्या जागेकडे बघत आहेत. उजव्या हाताचे बोट प्रत्येकाच्या ओठांशी. आश्चर्य असेच काढायचे, ही आमच्या चित्रकारांची रीत. आधीच्या पानावरचा मजकूर ‘ते झऱ्याशी आले आणि त्यांनी पाहिले’ इथे संपतो. पुढच्या पानावर तो ‘मग ते परत फिरले’ असा सुरू होतो. सूचीत या चित्रापुढे एकच शब्द आहे : अपूर्ण.

मी बघे मोजले. पुटपुटत मोजायची माझी सवय आहे; विद्यार्थिदशेपासून त्यावरून टोमणे खाल्ले आहेत. दहा. दहा वर्षांपूर्वीच्या छायाचित्राशी ताडून पाहिले. तिथेही दहा. मी त्या दिवसाच्या तक्त्यावर ‘बघे : दहा’ असे लिहून सही केली.

२

या आकड्याला एक इतिहास आहे आणि त्यात माझा हात आहे.

वीस वर्षांपूर्वीच्या छायाचित्रात बघे नऊ होते. दहा वर्षांपूर्वी या पानावरचा रंग सुटू लागला, तेव्हा तो बसवण्यासाठी पुस्तक सहा आठवडे माझ्या गुरू माहलका खानुम यांच्या टेबलावर होते. त्यानंतर टेकडीआड दहा माणसे दिसली. त्या काळी उपसंचालक असलेल्या तवक्कुली आगांनी मला बोलावले. मी छत्तीस वर्षांची होते. हातातली पिवळ्या मण्यांची जपमाळ टकटक ओढत ते म्हणाले, “निबंध नको, खानुम. वाढला की नाही वाढला, एवढंच.”

मी लिहिले : ‘छायाचित्राशी तुलना करता एक आकृती वाढली आहे.’

वाक्य खरे होते. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली मी आणखी एक गोष्ट पाहिली होती आणि ती लिहिली नव्हती. शाही चित्रशाळेत कामाचा क्रम पक्का असे : आधी आराखडा, मग सोने, मग रंग, सर्वांत शेवटी चेहरे. सोने महाग, म्हणून आकृत्यांच्या जागा सोडून ते लावत. नंतर कोणी नवी आकृती घुसडली, तर तिच्याखाली सोने सापडलेच पाहिजे. दहाव्या आकृतीखाली सोने नव्हते. आकाशाचे सोने तिच्या बाह्यरेषेपाशी नीट थांबले होते. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी सोने लावणाऱ्याने तिची जागा राखून ठेवली होती.

हे नऊच्या आकड्यात बसत नव्हते. जे बसत नाही ते आपल्याच निरीक्षणातली चूक असणार, असे मी स्वतःला समजावले. शिवाय मला कोणी ते विचारलेही नव्हते. माहलका खानुमांवर शाही पानावर हात चालवल्याचा ठपका आला. त्या एका शब्दानेही भांडल्या नाहीत. त्यांचे ब्रश परत देण्यात आले, प्रवेशद्वारापाशी लावलेल्या उस्तादांच्या पाटीवरून त्यांचे नाव उतरले आणि इमारतीत त्यांना मज्जाव झाला.

३

मंगळवारी सकाळी मी त्या पानाच्या बारीक तपासणीला बसले. खोली शांत होती. ओलावा शोषणारे यंत्र कोपऱ्यात घुमत होते आणि अंगणातल्या खुरमालूच्या झाडावर पिकल्या फळांसाठी कावळे भांडत होते. मी डावीकडून सुरुवात केली. पहिला बघा : पगडी, उडालेला रंग नाही. दुसरा : बाहीवर बारीक तडा. अशी दहाव्यापर्यंत आले. दहावी आकृती स्त्रीची आहे, निळा रुमाल बांधलेली. मी नोंद केली आणि भिंग चिनाराकडे सरकवले.

मध्ये आणखी एक चेहरा आला.

मी भिंग बाजूला केले. नुसत्या डोळ्यांनी मोजले. मग उलट बाजूने मोजले. मग मोजलेल्या प्रत्येक डोक्यासाठी कागदावर एक टिंब काढले आणि टिंबे मोजली. अकरा.

माणूस चाट पडतो तेव्हा बुद्धी आधी साध्या शक्यता शोधते आणि तेच योग्य आहे. शनिवारी मी चुकले असेन? पण शनिवारी मी पानाचे छायाचित्रही घेतले होते. ते उघडले. दहा. निळ्या रुमालाच्या बाईपासून चिनारापर्यंत अखंड सोने.

अकराव्या आकृतीखाली सोने नव्हते. ते तिच्या खांद्यापाशी थांबत होते आणि त्या कडेवर पाचशे वर्षांची बारीक, काळपट धूळ होती. चेहऱ्यावरच्या भेगा शेजारणीच्या चेहऱ्यावरून सलग येत होत्या. रुमाल करडा. चेहऱ्यावरून काहीच सांगता येत नाही. या शैलीत सगळे चेहरे एकच असतात. एकच फरक मी नोंदवला : इतर दहा जणांनी उजव्या हाताचे बोट ओठांशी नेले आहे, अकरावीने डाव्या हाताचे. तिचा उजवा हात कड्याआड असल्यामुळे दिसत नाही.

शनिवारपासून पुस्तक फक्त माझ्याकडे होते. रोज संध्याकाळी पेटी बंद करताना आणि सकाळी उघडताना करम आगा समोर असत. दहा वर्षांपूर्वी माहलका खानुम जिथे उभ्या होत्या, नेमक्या तिथे मी उभी होते. ‘दहा’ लिहिले, तर मी सुटत होते आणि त्यांच्यावरचा डाग कायम राहत होता. ‘अकरा’ लिहिले, तर माझीही गत त्यांच्यासारखीच होणार होती. अहवाल गुरुवारी द्यायचा होता.

४

दुपारी मी अमीरिये मोहल्ल्यात माहलका खानुमांच्या घरी गेले. दहा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी दार उघडले, मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, “बारीक झालीस. ग्रंथालयात जेवायला देत नाहीत की नुसतं मोजायला देतात?”

“उस्ताद, मी…”

“चपला काढ. चहा आताच केलाय.”

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे त्यांचे हात थोडे थरथरत होते. चहाचा पेला मात्र बशीत वाजला नाही. त्यांनी खडीसाखरेचा तुकडा गालात धरला आणि माझे सगळे ऐकून घेतले. मी सोन्याबद्दलही सांगितले. दहा वर्षांपूर्वीच्या आणि आजच्याही.

“ते तू तेव्हाच पाहिलं होतंस, हे मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “तुला मीच शिकवलंय. सोनं न बघता तू भिंग खाली ठेवणार नाहीस.”

“मग बोलला का नाहीत? एक शब्द बोलला असतात, तर मला ते लिहावंच लागलं असतं.”

“कशाला? माझं तिथलं काम झालं होतं.”

“तुम्ही ती आकृती काढली होती का?”

त्या इतक्या जोरात हसल्या की पेला खाली ठेवावा लागला. “तुझ्यावरून ओवाळून टाकीन स्वतःला, गीसू! मांजराच्या मानेच्या केसांचा तसला ब्रश आज सगळ्या इराणात कुणाकडे आहे का, ते सांग आधी. आणि तसा हात?”

“मग काय आहे ते?”

“तू ते चित्र अपूर्ण समजतेस ना?”

“सूचीत तसं आहे. मध्यभाग कोरा आहे.”

“चेहरे कधी काढतात?”

“शेवटी.”

“तिथे चेहरे आहेत?”

तिथे चेहरे होते. गेली वीस वर्षे हे दोन्ही मला ठाऊक होते आणि मी ते कधी एकमेकांशेजारी ठेवले नव्हते. मध्यभाग कोरा ठेवून चित्रशाळेच्या प्रमुखाने चेहऱ्यांना हात लावला नसता. चेहरे पुरे झाले, याचा अर्थ मध्यभागही पुरा झाला होता.

“मोजलंयस तू ते पान पुष्कळदा,” दारापाशी त्या म्हणाल्या. “एकदा बघ. आणि ते पुटपुटणं तेवढं बंद कर. माणसांचं लक्ष जातं.”

“कुठल्या माणसांचं?”

त्यांनी माझ्या ओढणीची घडी नीट केली आणि दार लोटले.

५

बुधवारी मी मोजण्यापासूनच सुरुवात केली. दुसरे काही मला येत नाही.

पानापासून काही अंतरावर पारदर्शक कागद बसवला आणि प्रत्येक बघ्याच्या बुबुळातून नजरेच्या दिशेने एक रेघ आखली. अकरा रेघा. त्या कोऱ्या जागेत, मध्यापासून किंचित खाली, एका ठिकाणी मिळाल्या. मिळाल्या म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढ्या जागेत मिळाल्या. मग वीस वर्षांपूर्वीच्या छायाचित्रातल्या नऊ बघ्यांच्या रेघा आखल्या. तोच बिंदू.

नंतर कागदाची घोटाई तपासली. रंग लावून झाल्यावर पान अकीकाच्या दगडाने घोटतात, म्हणजे रंग कागदात बसतो आणि त्याला चकाकी येते. जिथे रंग नाही तिथे ही मेहनत कोणी करत नाही. दिवा तिरका धरला. सबंध पानावर सर्वांत जास्त घोटलेली जागा ती कोरी जागाच होती. रंगांच्या कडांवरून दगड आत गेला होता आणि तिथे अगदी हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा, गोल फिरला होता. जिवापाड जपलेल्या कामावर हात फिरावा तसा.

मी हे सगळे तक्त्यात भरले. नंतर पेन्सिल खाली ठेवली. पावणेबारा वाजले होते. सकाळी सातला मी संगक नान, चीज आणि अक्रोड खाल्ले होते, रात्री सात तास झोपले होते, कोणतेही औषध घेतलेले नव्हते. हे इथे मुद्दाम लिहिते आहे.

६

उजवा हात सूक्ष्मदर्शकाच्या चाकावर ठेवला आणि नळीतून न बघता, तिच्या बाजूने, नुसत्या डोळ्यांनी त्या बिंदूकडे पाहिले.

बराच वेळ तो कागद होता. पिवळसर, उत्तम प्रतीचा कागद. माझे मन, सवयीप्रमाणे, त्याच्या तंतूंची जाडी ठरवू लागले. मी ते थांबवले. मोजणे थांबवणे किती कठीण असते, हे मोजणाऱ्यालाच कळेल.

आधी गेला तो आवाज. कोपऱ्यातले यंत्र बंद पडताना घरघरते. तसे काही झाले नाही. त्याचे घुमणे फक्त दूर गेले, शेजारच्या खोलीत, मग त्याच्याही पलीकडे. कावळे थांबले. त्या शांततेत पाणी वाहत होते.

मग मला माझा हात दिसला. डावा हात पानाच्या कडेशी टेकलेला होता, वर दिवा होता, आणि हाताला सावली नव्हती. आमच्या जुन्या चित्रांत सावली नसते. प्रकाश तिथे कुठल्याच एका बाजूने येत नाही, सगळीकडे सारखा असतो. हे मी शेकडो विद्यार्थ्यांना शिकवले आहे. मी बोटे हलवली. पानावर, टेबलावर, कुठेच काही हलले नाही.

छातीला काहीतरी कठीण लागत होते. टेबलाची कड, असे मी ठरवले. पण ती ओबडधोबड होती आणि उन्हाने तापलेल्या दगडासारखी ऊबदार. उजव्या कानाशी कोणीतरी श्वास रोखून धरला होता. त्यापलीकडे आणखी कोणी. डाव्या बाजूला एक बारीक टकटक चालू होती. हीटरच्या नळीत पाणी चढते आहे, असा विचार मनात आला, आणि तेवढ्यात ती थांबली.

मी वळून पाहिले नाही. भीती नव्हती असे नाही. पण समोर जे होते त्यावरून नजर काढणे शक्य नव्हते. ती जागा कोरी नव्हती. ती कधीच कोरी नव्हती. ते तिथे इतके पुरे, इतके उघड होते की त्याला रंग लावणे म्हणजे त्यावर पडदा टाकण्यासारखे झाले असते, आणि त्या जुन्या चित्रकाराला हे कळले होते. त्याने फक्त कागद घोटला.

आणखी लिहिणार नाही. मला लिहिता येत नाही म्हणून नव्हे. मी बिनचूक लिहिणारी बाई आहे, आणि याविषयीचे कोणतेही वाक्य चुकीचे होईल.

यंत्राचे घुमणे परत आले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. माझा उजवा हात चाकावर होता. डाव्या हाताचे बोट माझ्या ओठांवर होते. काम चालू असताना हात तोंडाशी न्यायचा नाही, हा माझ्या खोलीतला पहिला नियम आहे. तेवीस वर्षांत तो मी मोडलेला नव्हता.

मी पानावरच्या अकराव्या बाईकडे पुन्हा पाहिले नाही. पुस्तक मिटले आणि पेटीत ठेवले.

७

तवक्कुली आगा आता संचालक आहेत. गुरुवारी सकाळी मी अहवाल आधी आवक-नोंदवहीत चढवला, करम आगांकडून त्यावर शिक्का मारून घेतला, आणि मगच वर नेला.

“हात दुखू नयेत तुमचे, खानुम,” त्यांनी सौजन्याने आभार मानले. चहा मागवला. जपमाळ ओढत वाचू लागले. तिसऱ्या पानावर मणी थांबले.

“अकरा?”

“अकरा.”

“शनिवारच्या तक्त्यात तुम्हीच दहा लिहिलेत.”

“शनिवारी दहा होते.”

“म्हणजे या चार दिवसांत कोणीतरी…” ते थांबले. “पुस्तकाजवळ कोण होतं?”

“फक्त मी. करम आगा सांगतील.”

“तुम्ही स्वतःविरुद्धच तक्रार लिहिली आहे, खानुम!”

“मी मोजणी लिहिली आहे. पुढचं पानही वाचा.”

पुढच्या पानावर मी दहा वर्षांपूर्वी गाळलेले वाक्य लिहिले होते : दहाव्या आकृतीखाली सोने नाही, हे मला तेव्हाच दिसले होते आणि मी ते नोंदवले नाही, त्यामुळे माहलका खानुम यांच्यावरील ठपक्याला माझ्या अहवालाचा आधार राहत नाही. अकराव्या आकृतीखालीही सोने नाही.

त्यांचा चेहरा लाल झाला. “हे फाडा. दहा लिहा. टेकडीमागची माणसं मोजायला कोण बसलंय?”

“मी बसले आहे.”

“तुमची जागा जाईल. पाटीवरून नाव जाईल. तुमच्याच गुरूसारखं. हे कळतंय ना?”

“कळतंय. अहवाल नोंदवहीत चढला आहे, आगा. आता तो फाडता येणार नाही.”

मणी पुन्हा टकटकू लागले, जरा वेगाने. त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवले. “आणि हे काय? ‘कारण’ हा रकाना अपूर्ण ठेवलाय तुम्ही.”

“कोरा ठेवलाय. अपूर्ण नाही.”

“फरक काय?”

“पुस्तक अजून माझ्या टेबलावर आहे. खाली या. स्वतः बघा.”

क्षणभर मला वाटले, ते उठतील. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. “मला बैठक आहे,” ते म्हणाले आणि हात पुढे केला. मी त्यावर माझ्या किल्ल्या ठेवल्या.

दाराशी करम आगांनी माझी पिशवी उचलून दिली. त्यांना त्या दिवशी एकही शेरा सुचला नाही.

८

मी थेट अमीरियेला गेले. माहलका खानुम डाळिंब सोलत होत्या. मी नोंदवहीच्या पानाची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, घडी घातली आणि साखरेच्या डब्याखाली ठेवली.

“दहा वर्षं लागली,” त्या म्हणाल्या. “हस्ताक्षर मात्र सुधारलंय.”

“मला माफ करा, उस्ताद.”

“डाळिंब खा.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “बघितलंस?”

“हो.”

मी डाळिंबाचे दाणे तोंडात टाकले. आम्ही दोघींनी एकच पाहिले होते, आणि त्याविषयी बोलण्यासारखे काही नव्हते.

“डावा हात ना?” त्यांनी विचारले.

मी दचकले. अकराव्या बाईच्या हाताबद्दल मी त्यांना काहीच सांगितले नव्हते. मंगळवारीही नाही, आजही नाही. “तुम्हाला कसं माहीत?”

“तुझं उजवं कोपर लागत होतं मला, खाली टेकलेलं.” त्यांनी दाण्यांवरचा पिवळा पापुद्रा काढला. “दहा वर्षांपूर्वी मी तिथे उभी होते, तेव्हा माझ्या डाव्या कानाशी कोणीतरी पुटपुटत होतं. पाच, सहा, सात. अशा जागी, गीसू! समोर ते… आणि ही मोजतेय! सगळ्या जगात असं करणारी एकच बाई मला माहीत आहे. म्हणून तुझा तो अहवाल आला, तेव्हा मी रागावणार कशी? मला ठाऊक होतं, तू यायची आहेस.”

माझी बुद्धी नेहमीप्रमाणे साध्या शक्यता शोधू लागली. त्यांनी ऐकले असेल, पण कोणाकडून? अंदाज केला असेल, पण कशावरून? दहा वर्षे मनात धरलेली माफी मला देता यावी म्हणून त्यांनी हे आत्ताच रचले असेल. ही शक्यता मी अजूनही खोडलेली नाही.

“आणि तुझ्या डाव्या कानाशी?” त्यांनी विचारले. “तिथे कोण होतं?”

“कोणी नव्हतं. हीटरची नळी वाजत होती.”

बोलता बोलताच मी थांबले. ग्रंथालयातले हीटर पुढच्या, म्हणजे आजर महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू करतात. तो दिवस अजून दोन आठवडे लांब होता. काल सकाळी मी अंगात लोकरीचा कोट घालून बसले होते. मी तो आवाज पुन्हा आठवला. बारीक, एकसारखा, दर टकटकीनंतर हलकेच घसरणारा. आणि मग मध्येच, एका मण्यावर, थांबलेला.

“मणी,” मी म्हणाले. “जपमाळेचे मणी.”

माहलका खानुमांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या हातातले अर्धे डाळिंब ताटलीत पडले. मग त्या हसू लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मलाही आवरेना.

“तो? तोसुद्धा?” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “किती वर्षं लावेल, कोण जाणे.”

“आज त्याने माझ्या किल्ल्या घेतल्या, उस्ताद.”

“घेऊ दे. त्याच्यावर रागावून काय करायचं, बाळा?” त्यांनी दाण्यांची वाटी माझ्याकडे सरकवली. “तू जरा सरकून उभी राहा. त्याला जागा लागेल.”